नावानिशी प्रार्थना

अंबरनाथ,
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

प्रिय सगुणाआत्या,

सलाम. काहीतरी सांगण्यासारखं घडेल म्हणून पत्र लांबवत होते. घडलं काहीच नाही, तेव्हा तेच लिहिते.

गेल्या ईस्टरला तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "माझे गुडघे गेले, आता तू फिर." तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की मी पिशवीत शुभवर्तमानाची पत्रकं घालून निघते. आधी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये फिरले. तिथल्या सिंधी बायका फार मायाळू. आत ओढतात, पापड आणि पाणी पुढे ठेवतात आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतात, "बहनजी, मंगल को हमारे यहाँ सत्संग है, आप भी आना." मी त्यांना बोलवायला गेलेली आणि त्याच मला बोलावून मोकळ्या! मग म्हटलं, आपण मराठी वस्तीतच बरं. म्हणून बदलापूरला हेंद्रेपाड्यात जाऊ लागले. तिथे एका पेन्शनर गृहस्थांनी दीड तास वाद घातला, चहा पाजला आणि शेवटी विचारलं, "आमच्या नातवाची शिकवणी घ्याल का?"

सात महिने झाले, आत्या. एकही दार खऱ्या अर्थाने उघडलं नाही. ह्यांचं, म्हणजे तुझ्या धर्मराज जावयांचं म्हणणं, की मी शाळेत बोलते तशीच लोकांच्या दारात बोलते. मला राग आला, पण ते खोटं नाही. तू तीस वर्षं खेड्यापाड्यांत कशी फिरलीस? काय बोलायचीस?

तुझी भाची,
मालिनी


अहमदनगर,
१४ नोव्हेंबर १९८६

चि. मालिनीस आशीर्वाद.

बोलायचं असतं हे तुला कुणी सांगितलं? मीही पहिली पाच वर्षं तुझ्यासारखीच बडबडण्यात घालवली. लोक ऐकून घेत, कारण दारात आलेल्या बाईला हाकलून द्यायची पद्धत नव्हती. मला वाटायचं, माझं बोलणं पटतंय.

पत्रकं घरी ठेव. दारात उभी राहा आणि एवढंच विचार, "मी प्रार्थना करते. तुमच्यासाठी काय मागू?" जे सांगतील ते तिथल्या तिथे माग आणि निघून ये. पुढच्या खेपेला जाऊन विचारपूस कर. माणसाला आपला उपदेश नको असतो, पण आपल्यासाठी कुणी मागत असेल तर ते कुणालाच नको नसतं.

आणि एक लक्षात ठेव. देवापुढे "एक बहीण", "एक कुटुंब" असं मोघम बोलू नये. नाव घ्यावं, गाव सांगावं, दुखणं काय ते स्पष्ट सांगावं. मोघम मागितलं की आपलं मनही मोघम राहतं. मी आयुष्यभर नावानिशी मागत आले. तुझ्या माणसांची नावं मला कळव. गुडघे गेले असले तरी खुर्चीत बसून तेवढं मी करीन.

जावईबापूंना सलाम. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

सगुणाबाई


अंबरनाथ,
रविवार, ७ डिसेंबर १९८६

प्रिय आत्या,

सलाम, आणि शंभर सलाम! दार उघडलं.

हेंद्रेपाड्यात कुंदाताई चौबळ म्हणून आहेत. यजमान मुंबईला ऑफिसात जातात, मुलगी वृंदा टायपिस्ट आहे. पहिल्या शनिवारी त्यांनी साखळी न काढताच सांगितलं, "काही विकायचं असेल तर नको." मी तुझा प्रश्न विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, "माझ्यासाठी? मग नळाला पाणी मागा." मी न हसता उभ्या उभ्या नळाच्या पाण्यासाठी प्रार्थना केली आणि आले. दुसऱ्या शनिवारी साखळी निघाली. त्या म्हणाल्या, "पाणी काही आलं नाही हो. पण आठवडाभर मला राहून राहून वाटत होतं, कुणीतरी माझ्यासाठी मागतंय."

आणि काल त्यांनी मला आत बसवलं. मेथी निवडत होत्या. निवडता निवडता हात थांबले. त्यांचा मोठा मुलगा चिंतामणी, चोवीस वर्षांचा. सगळ्यांना सांगितलंय की तो बडोद्याला नोकरीला आहे. खरं म्हणजे तो दोन वर्षं पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात आहे. ठाणं जवळ होतं, पण ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मुद्दाम लांब ठेवलाय. महिन्यातून एकदा त्या "बहिणीकडे जाते" म्हणून भेटायला जातात. यजमानांची बहीण सुनेत्रा सोडली तर कुणालाच माहीत नाही. वृंदाचं लग्न व्हायचंय ना! माझा हात धरून म्हणाल्या, "मालिनीबाई, तुमच्या देवाला सांगा. पण देवाशिवाय हे कुणाला कळता कामा नये." मी शब्द दिला.

तुला लिहितेय ते देवाला सांगितल्यासारखंच आहे. तूच म्हणालीस ना, नाव घ्यावं, दुखणं स्पष्ट सांगावं. तेव्हा सगळं लिहिलं. आत्या, आठ महिन्यांनी हे पहिलं दार!

तुझी,
मालिनी


अहमदनगर,
१९ डिसेंबर १९८६

चि. मालिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. परवा बुधवारी महिला मंडळाची प्रार्थना माझ्याच घरी होती. आम्ही अकरा जणी होतो. कुंदाबाई आणि चिंतामणी यांच्यासाठी तासभर विनवणी झाली. सुंदराबाई तर हुंदके देत होती. तिचा स्वतःचा भाऊ असाच वेडात गेला, तुला ठाऊक आहे. तिने चिंतामणीसाठी दर बुधवारी उपास धरला आहे. तू तिथे एकटी आहेस असं समजू नकोस.

नाताळच्या करंज्या या वर्षी कोण करतंय?

सगुणाबाई


अंबरनाथ,
रविवार, २८ डिसेंबर १९८६

प्रिय आत्या,

सलाम. करंज्या मीच केल्या आणि त्यातल्या निम्म्या फुटल्या. तरी डबा भरून कुंदाताईंकडे नेला.

तुझ्या अकरा जणींचं वाचून मला केवढा धीर आला! सगळ्यांना माझा सलाम सांग. त्यांना म्हणावं, थांबू नका, कारण उत्तर येऊ लागलंय. वृंदाचं लग्न ठरलं! मुलगा श्यामकांत, इथे अंबरनाथलाच एका कारखान्यात ऑफिसर आहे. वडील नाहीत, मामांनी वाढवलं. आणि गंमत म्हणजे मामा तुझ्या नगरचेच, माळीवाड्यातले. विष्णुपंत नाव. सुंदराबाई तिकडेच राहतात ना? फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी साखरपुडा आहे. कुंदाताई मला म्हणाल्या, "तुमचा पायगुण." मी म्हटलं, पायगुण नव्हे, प्रार्थना. त्या हसल्या, पण या वेळचं हसणं वेगळं होतं.

ह्या साखरपुड्यासाठीही नावानिशी मागा.

तुझी,
मालिनी


अहमदनगर,
९ जानेवारी १९८७

चि. मालिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी वाचून दाखवलं. सुंदराबाई टाळी वाजवून उठली. विष्णुपंतांचं आणि तिचं घर भिंतीला भिंत लागून आहे. तिथे बोलणं झालं होतं म्हणे, की भाच्याचं बदलापूरला जमलंय, पण त्या मुलीसाठी आपण मागतोय हे तिला कुठून कळणार! ती दुसऱ्याच दिवशी जाऊन अभिनंदन करून आली. मुलगी कशी चांगल्या घरची आहे ते सांगून आली. देव माणसांच्या गाठी कशा बांधतो ते पाहा.

थंडी फार आहे. गुडघ्यांना तेल चोळून चोळून हात दुखतात.

सगुणाबाई


अंबरनाथ,
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

प्रिय आत्या,

सलाम. वाईट बातमी आहे. वृंदाची सोयरीक मोडली. साखरपुड्याला आठ दिवस असताना विष्णुपंतांचं चार ओळींचं पत्र आलं, "योग दिसत नाही." वृंदाने ऑफिसातून रजा घेतली आहे. माझ्याकडे पाहतही नाही.

पण काल जे झालं ते तुला सांगायलाच हवं. कुंदाताई रडत होत्या. मी त्यांचे हात धरले आणि बराच वेळ प्रार्थना केली. पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले आणि शेवटी आपण होऊन "आमेन" म्हणाल्या. आत्या, माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, त्या घरात शिरायची देवाची वाट कदाचित हीच असेल. सगळं सुरळीत झालं असतं तर त्या माझ्यापुढे अशा बसल्या असत्या का?

आता ढिलाई नको. सगळ्या जणींना सांग.

तुझी,
मालिनी


अहमदनगर,
३ मार्च १९८७

चि. मालिनी,

तीन आठवडे पेन उचललं आणि ठेवलं. आता लिहिते. माझ्याकडून पाप झालं आहे.

तुझं पत्र आलं आणि मी सुंदराबाईला घरी बोलावलं. विचारलं, "विष्णुपंतांकडे काय बोललीस?" ती निर्मळपणे म्हणाली, "काय बोलायचं? म्हटलं, मुलगी सोन्यासारखी आहे. तिच्या वेड्या भावासाठी आम्ही दर बुधवारी मागतो, माझा तर उपास असतो, देव त्याला बरा करणारच." विष्णुपंतांच्या बायकोने तिला चहा दिला आणि एक एक करून सगळं विचारून घेतलं. सुंदराबाईला अजून कळलेलं नाही की आपण काय केलं. ती आजही त्या मुलासाठी उपाशी असते. तिला रागवायला मला तोंड नाही.

कारण पत्र मी वाचलं होतं. मोठ्याने. चष्मा पुसून, सावकाश. "देवाशिवाय कुणाला कळता कामा नये" ही ओळसुद्धा वाचली. ती ऐकून बायका "अगं बाई!" म्हणाल्या, आणि मला बरं वाटलं. आपल्या भाचीचं काम किती आतपर्यंत गेलंय हे त्यांना दिसावं असं वाटलं. त्या क्षणी मी देवाशी बोलतच नव्हते, मालिनी. मी दहा बायकांना माझा मोठेपणा दाखवत होते. तीस वर्षं लोकांची दुखणी पदरात घेऊन फिरले, त्यातली अशी किती मी भर सभेत वाटून टाकली असतील, हा विचार मला खुर्चीत बसू देत नाही.

तुझ्याकडे माफी मागते. पण ती खरी तुझी नव्हे, त्या बाईंची मागायला हवी.

सगुणाबाई


अंबरनाथ,
रविवार, ८ मार्च १९८७

आत्या,

तुझ्यावर संतापून चार पानं लिहिली आणि फाडली. कारण त्यातलं प्रत्येक वाक्य मलाच लागू पडत होतं.

शब्द मी दिला होता, तू नाही. तुझं "अकरा जणी" वाचलं तेव्हा मला धस्स व्हायला हवं होतं. मला आनंद झाला. ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईंना विचारलंस का?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "प्रार्थनेला कसली परवानगी?" मामांचं नाव आणि पत्ताही मीच कौतुकाने कळवला.

आणि मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. त्या शनिवारी प्रार्थनेच्या आधी कुंदाताईंनी मला विचारलं होतं, "मालिनीबाई, तुमचं नगरला कुणी असतं का हो? मुलाकडच्यांना नगरमधून काही कळलं म्हणतात." मी म्हटलं, "नाही, माझं नगरला कुणी नाही." विचार न करता, पटकन. जिच्या अंगाखांद्यावर वाढले ती माझी आत्या मी एका वाक्यात नाहीशी केली. आणि त्याच तोंडाने त्यांचे हात धरून प्रार्थना केली. ते "आमेन" मी तुला मोठ्या दिमाखात लिहून पाठवलं. त्यांचं दुःख म्हणजे माझ्यासाठी दाराची चावी झाली होती, आत्या. लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

अजून संपलं नाही. काल गेले तर कुंदाताईंनी सांगितलं, "मला कळलंय कुणी केलं. सुनेत्राने. तुम्ही शब्द दिलेला, आणि नगरला तुमचं कुणी नाही. मग तिच्याशिवाय माहीत कुणाला होतं?" ही नणंद उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहते. चिंतामणीला इस्पितळात ठेवायला त्यांच्याबरोबर तीच गेली होती. कुंदाताई तिच्या दारात जाऊन, चार शेजाऱ्यांदेखत, नाही नाही ते बोलून आल्या. आता येणं-जाणं बंद. मी समोर बसून सगळं ऐकलं आणि चहा प्यायले.

गप्प राहिले तर त्यांच्या घरात माझा मान कायम. बोलले तर ते दार पुन्हा उघडणार नाही. आणि त्या बिचारीवर आळ राहतोय. मी काय करू? आधी काही दिवस प्रार्थना करून पाहू का?

मालिनी


अहमदनगर,
१३ मार्च १९८७

चि. मालिनी,

प्रार्थना करून पाहू नकोस. जा. प्रार्थनेच्या आड मी किती वेळा लपले आहे ते मला माहीत आहे. देवाला विचारायचं नाटक आपण तेव्हाच करतो जेव्हा उत्तर आपल्याला ठाऊक असतं आणि नको असतं.

मी काठी टेकत विष्णुपंतांकडे गेले होते. त्यांनी आदराने बसवलं. मी म्हटलं, चूक आमची आहे, त्याची शिक्षा त्या मुलीला नको. ते म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं तर काही सांगितलं नाहीत ना?" मी काठी उचलली आणि उठून आले.

बुधवारी सगळ्या जणींना खरं काय झालं ते सांगितलं. सुंदराबाई पदर सावरून उठली आणि घरी गेली.

तू जा. दार बंद होईल तर होऊ दे.

सगुणाबाई


अंबरनाथ,
मंगळवार, १४ एप्रिल १९८७

प्रिय आत्या,

सलाम. आज आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे. रस्त्यावर मिरवणुकीची तयारी चालली आहे, आणि मी दार लावून हे लिहिते आहे. महिनाभर लिहायचं धैर्य नव्हतं.

तुझं पत्र मिळालं त्याच शनिवारी गेले. दार वृंदाने उघडलं. आत न जाता उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, म्हणजे नंतर कुणाला बाहेर काढायला नको. नगरला माझी आत्या आहे, मी तिला लिहिलं, तिथून गेलं, सुनेत्राताईंचा काही दोष नाही, मी खोटं बोलले. पाठ करून गेले होते, तरी मधेच अडखळले. कुंदाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सुनेत्राला मी उगीच..." वृंदा मला म्हणाली, "आमचं घर तुमच्या बायकांना वाटायला दिलं नव्हतं, मॅडम." आणि दार लावलं. तिचं बरोबर होतं. पुढचे दोन शनिवार मी घरीच बसले. बदलापूरकडे तोंड करायची लाज वाटत होती.

मग कुंदाताईंचं पोस्टकार्ड आलं. "रविवारी १२ तारखेला पुण्याला जाते आहे. सकाळी सात वाजता बदलापूर स्टेशनवर या. प्रार्थना करायला नको. पिशव्या धरायला माणूस हवं." सही नव्हती. बारा तारीख म्हणजे ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. देवळात माझ्या संडे स्कूलच्या मुलींचं गाणं होतं. हे म्हणाले, "गाणं मी ऐकतो, तू पिशव्या धर."

कर्जतला कुंदाताई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "सुनेत्राची माफी मागून आले. तिने केलं माफ. मला अजून तुम्हाला नाही करता येत." मी म्हटलं, "हो." आणखी काय म्हणणार?

चिंतामणीला व्हरांड्यात आणलं. आत्या, मी मनात कुणीतरी भयंकर माणूस धरून गेले होते. बारीक केस कापलेला, किडकिडीत, आईसारख्याच भुवया असलेला मुलगा. आल्या आल्या डबा उघडून पुरीशी शिरा खाऊ लागला. खाता खाता माझ्याकडे बोट करून विचारलं, "ह्या कोण?"

कुंदाताईंनी आवाज न चढवता सांगितलं, "ह्या मालिनीबाई. तू इथे आहेस हे ह्यांनी बाहेर सांगितलं. त्यामुळे वृंदाचं लग्न मोडलं."

मी मान खाली घातली. तो चावायचा थांबला.

"वृंदाचं लग्न होतं?"

"ठरलं होतं."

"मला नाही सांगितलंस."

कुंदाताई डब्याचं झाकण पुसू लागल्या. त्याने पुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मला बोलावणार नव्हतात." रागाने नाही. आपलं आपण जुळवून बघितल्यासारखं.

कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या वेळी प्रार्थना जिभेवर आली होती, आत्या, इतक्या वर्षांची सवय. मी ती गिळली. लाज इतकी वाटली, की माझीच नाही, त्या आईचीसुद्धा मला वाटून गेली.

त्याने मग मला विचारलं, "तुम्ही माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

"तुझं नाव. तू आजारी आहेस. देवाने तुला बरं करावं."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"मी सतरंज्या विणतो, ते नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तेवढ्यात कुंदाताईंनी पदर खाली केला. "सतरंज्या? कधीपासून?" त्यांनाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "पावसाळ्यापासून. तू विचारलंच नाहीस. तू आलीस की रडतेस."

आम्हा दोघींना त्याने विणकामाच्या खोलीपर्यंत नेलं. रविवार म्हणून कुलूप होतं. त्याने खिडकीच्या काचेतून आपला माग दाखवला, तिसरा, भिंतीकडचा. निळे-पांढरे पट्टे. आम्ही दोघी काचेला कपाळ टेकून बघत होतो. अकरा जणी तिथे आणि मी इथे, चार महिने त्याच्यासाठी नावानिशी मागत होतो. त्याच्याबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं, की तो वेडा आहे.

परतताना बदलापूरला उतरल्यावर कुंदाताईंनी पिशव्या माझ्या हातातून घेतल्या. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वृंदा येणार आहे त्याला भेटायला. तुम्ही नको." मग दोन पावलं जाऊन मागे वळल्या. "आणि तुमच्या नगरच्या बायकांना कळवा. माझ्या मुलाचं नाव आता कुणी तोंडात घेऊ नका. देवापुढेसुद्धा नको." मी शब्द दिला.

म्हणून हे पत्र. उद्या बुधवार आहे, पण हे तुला वेळेत पोहोचणार नाही, आणि तुमच्यातली कुणीतरी सवयीने त्याचं नाव घेईलच. पुढच्या बुधवारपासून तरी घेऊ नका. सुंदराबाईंना उपास सोडायला सांग. त्यांना हे जड जाईल. मलाही जातंय. सकाळी गुडघे टेकले की पहिलं नाव त्याचंच ओठांवर येतं आणि मी तोंड मिटून घेते. हे पत्र मात्र कुणाला वाचून दाखवू नकोस, एकटीने वाच आणि चुलीत घाल. त्या बाईंना मी दुसऱ्यांदा शब्द दिला आहे, आत्या. हा तरी मला पाळू दे.

तुझी,
मालिनी